उज्ज्वलाताईंचं विरजण

कृष्णाई कॉलनीत नवं बिऱ्हाड आलं की त्यांना पहिल्याच दिवशी कुणीतरी दोन गोष्टी सांगून टाकी. एक म्हणजे नळाला पाणी पहाटे येतं, झोपलात तर मुकलात. दुसरी म्हणजे विरजण हवं असेल तर तारळेकरांचं दार वाजवायचं.

आता कराडात काय दही विकत मिळत नव्हतं? कोपऱ्याकोपऱ्यावर यंत्रं उभी होती. मनगटावरचा पट्टा दाखवला की जिऱ्याचं, आंब्याचं, हवं ते दही कपातून बाहेर. पण उज्ज्वलाताई तारळेकरांच्या दह्याची गोष्टच वेगळी. वाटी उपडी केली तरी हलायचं नाही, आणि आंबट म्हणाल तर बिलकूल नाही. लग्न होऊन निपाणीहून आल्या तेव्हा आईनं कडीच्या डब्यात बांधून दिलेलं विरजण त्यांनी आजतागायत जपलं होतं. नवरा गेला, पूर येऊन गेले, पण कोमट दुधाला विरजण लावायचं एक दिवस चुकलं नाही. त्यांचे नियमही ठरलेले. दिवेलागण झाली की विरजण कुणाला द्यायचं नाही. आणि नेलेली वाटी रिकामी परत करायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घाला, पण रिकामी नको. त्यामुळे कॉलनीत वाट्यांची कायम ये-जा चालू. कुणाची वाटी कुणाच्या मांडणीवर आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

आणि अशा बाईच्या घरात सून आली तीही दह्यातच डॉक्टरेट केलेली! मैथिली गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत 'क्षीरवेध' कंपनीत संशोधक होती. सासू-सुनेचं छान जमायचं. उज्ज्वलाताई शेजारणींना सांगायच्या, "मी जे एका चमच्यात करते, ते करायला हिला दोन मजली कारखाना लागतो."

कारखान्यात जे होत होतं ते मात्र एका चमच्यात होण्यासारखं नव्हतं. आपण जेवतो, पोट भरत आलं की आतडं मेंदूला निरोप धाडतं, 'आता पुरे.' हा निरोप म्हणजे एक चिमुकलं प्रथिन. तसलंच प्रथिन सुईतून टोचून घेण्याची औषधं पूर्वीपासून होती, पण महाग. मैथिलीच्या गटानं दही लावणाऱ्या जिवाणूलाच तो निरोप बनवायला शिकवलं. त्या जिवाणूचं दही म्हणजे 'तृप्ता'. सकाळी एक कप खाल्ला की माणूस दिवसभर अर्ध्या पोळीवर खूश. साखर खाली, पोट आत. मधुमेहानं पोखरलेल्या लोकांना आणखी काय हवं? कप हातोहात खपू लागले.

हा जिवाणू बाहेर मोकाट सुटू नये म्हणून त्याच्या गळ्यात दावंही बांधलं होतं. त्याला जगायला एक खास खाद्य लागे, आणि ते फक्त कारखान्याच्या टाकीत मिळे. साध्या दुधात पडला की काही तासांत त्याचा ग्रंथ आटोपायचा. तरीही मैथिलीनं मार्केटिंगवाल्यांशी भांडून कपावर दोन ओळी छापून घेतल्या होत्या: 'या दह्याचा विरजण म्हणून वापर करू नये. मुलांनी व गरोदर स्त्रियांनी खाऊ नये.' अक्षरं बारीक होती, पण होती. मैथिलीला वाटलं, आपलं काम झालं. आपल्याकडे कपावरचं कोण वाचतं हा विचार तिच्या मनात आला नाही. इथं दूध नासलंय की नाही तेसुद्धा तारीख बघून नाही, वास घेऊन ठरवतात!

संक्रांतीला मैथिलीची नणंद ओवी बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी आली. तिला बघायला म्हणून उज्ज्वलाताईंची थोरली बहीण, निपाणीची अक्का, तीही दिवसभरासाठी येऊन गेली. अक्का म्हणजे दार भरून टाकणारी बाई, आणि जेवायला बसली की बघत राहावं. त्या दिवशी अक्कानं आणि ओवीनं मिळून गूळपोळ्यांचा फडशा पाडला. उज्ज्वलाताई वाढताना नुसत्या हसत होत्या. पहिलं बाळंतपण, लेक घरात! त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ओवीचे लाड सुरू केले. गरोदर बाईच्या अंगातली उष्णता वाढू नये म्हणून सकाळी वाटीभर दही, दुपारी दहीभात, संध्याकाळी कढी. ओवीलाही आईच्या हातचं दही प्राणापलीकडे आवडायचं. पण पंधरवडा गेला आणि ताटातलं अन्न मागं उरायला लागलं.

"ओवी, एवढा घास तरी."

"नको गं आई. पोट भरलंय."

"दोन जिवांची बाई तू! चिमणीएवढं खाऊन कसं चालेल?"

"खरंच भूक नाही. डोहाळेच लागत नाहीत बघ मला. चिंच नको, कैरी नको, काहीच नको."

"लहानपणी माझ्या ताटातलं पळवायचीस, आणि आता बघा," मल्हार, म्हणजे ओवीचा भाऊ आणि मैथिलीचा नवरा, म्हणाला. तो स्वतः खुशीत होता. त्याच्या पॅन्टचा पट्टा दोन भोकं आत गेला होता, आणि तो सगळ्यांना उठून उठून दाखवायचा.

ओवीच्या पोटावर डॉक्टरीणबाईंनी एक मऊ पट्टा बांधला होता. आतल्या बाळाची हालचाल, वजन, ठोके, सगळं तो मोजायचा आणि फोनवर एक हिरवी रेघ काढायचा. माघ लागला तशी ती रेघ चढायची थांबली. पट्ट्यातून गोड आवाज यायचा, "बाळाची वाढ अपेक्षेपेक्षा कमी आहे." दिवसातून कितीदा तरी.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. दोष काही सापडला नाही. "आईच्या पोटात अन्न जात नाही, तर बाळाला कुठून मिळणार?" त्या म्हणाल्या. "वाढ अशीच राहिली तर बाळाला वेळेआधी काढावं लागेल. आणि तेवढ्या वजनाचं बाळ... बघू. खाऊ घाला तिला."

खाऊ घाला! त्या घरात दुसरं चाललं होतं काय?

मैथिलीचं लक्ष मात्र त्या दिवसापासून नको तिथं जाऊ लागलं. पाटणकर काकूंच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. कोपऱ्यावरचा वडेवाला म्हणाला, "वहिनी, तुमच्या कॉलनीला झालंय काय? एक माणूस फिरकत नाही." समोरच्या नदाफवहिनींची नात शाळेतून आली की डबा तसाच्या तसा ओट्यावर ठेवायची. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, सकाळच्या चालण्याचा गुण आहे. मैथिली नुसती मान डोलवायची.

एका सकाळी ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. मल्हार नुकताच 'तृप्ता' खाऊन उठला होता; कंपनी कामावरच्या लोकांना कप फुकट देई. उज्ज्वलाताईंनी त्याचा कप उचलला, तळाशी राहिलेलं दही बोटानं निपटलं आणि आपल्या दह्याच्या भांड्यात घातलं. मग भांड्यावर झाकण ठेवून हात धुतला.

"आई! हे काय करताय?"

"काय झालं किंचाळायला? कपाला केवढं लागून राहतं, बघ तरी. अन्न असं फेकतात का?"

"पण ह्यात का घालताय?"

"मग कशात घालू? दह्यातच घालायचं ना दही. रोज घालते मी."

"रोज? कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल. तू कप आणायला लागलीस तेव्हापासून." उज्ज्वलाताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "अगं, तुझा चेहरा असा का झाला?"

मैथिलीनं एका बाटलीत चमचाभर दही घेतलं आणि नाश्ता न करता कामावर गेली. नाश्ता कुणाला हवा होता म्हणा! भूक तिलाही महिनाभर लागलेली नव्हती, आणि ते तिला आत्ता उमगत होतं.

प्रयोगशाळेत कंपनीचा जिवाणू त्या दह्यात कुठंच सापडला नाही. तो इमानानं मेला होता. एक क्षणभर तिला हुश्श वाटलं. मग तिनं घरच्या विरजणातले जुने जिवाणू तपासले. 'पुरे' म्हणणारं ते प्रथिन आता निपाणीचे जिवाणू बनवत होते.

हे घडलं कसं? दह्याच्या भांड्यात नुसते जिवाणू नसतात, त्या जिवाणूंना बाधणारे विषाणूही असतात. जुन्या विरजणात तर फारच. एका जिवाणूतून दुसऱ्यात शिरताना हे विषाणू कधीकधी पहिल्याच्या जनुकांचा तुकडा चुकून सोबत नेतात. कोट्यवधींतून एखाद्याच वेळी होणारी गोष्ट. पण एका भांड्यात अब्जावधी जिवाणू, वर रोज नवं दूध आणि रोज कपाचा नवा खरवडा. असं म्हटल्यावर ती गोष्ट कधी ना कधी होणारच. दावं राहिलं मेलेल्याच्या गळ्यात आणि विद्या गेली घरच्यांच्या हातात. शिवाय त्याच तुकड्यात एक हत्यारही होतं. कारखान्याच्या टाकीत भेसळ होऊ नये म्हणून आजूबाजूच्या जिवाणूंना हटवणारं, खुद्द मैथिलीनं बसवलेलं. त्या हत्याराच्या जोरावर नव्यांनी भांड्यातल्या जुन्यांना कधीच संपवलं होतं. कंपनीनं सगळं तपासलं होतं, फक्त कपाच्या तळाचं दही बोटानं निपटून घरच्या भांड्यात घालणारी सासू तेवढी तपासायची राहून गेली.

तिचे वरिष्ठ देवस्थळी सर यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी केबिनचं दार लावलं.

"मैथिली, पुढच्या महिन्यात आपण सहा राज्यांत उतरतोय. हे बाहेर पडलं तर 'तृप्ता' गेलंच, पण तुझं काय? कप घरी नेलास तू. घरात गरोदर बाई आहे हे तुला माहीत होतं."

"सर, आमच्या कॉलनीत..."

"दहाबारा घरं आहेत. ते दही पोटात मुक्काम करत नाही, खाणं थांबलं की असर उतरतो. तूच लिहिलंयस ते. घरी जा, तुमचं भांडं ओतून टाक, नवं विरजण आण. विषय संपला."

मैथिलीला वाटलं, खरंच की! भांडं ओतलं की ओवी वाचली. बाकीच्यांचं हळूहळू बघता येईल. माणूस घाबरला की त्याला सोपी वाट फार लवकर पटते. तिनं घरी येऊन उज्ज्वलाताई देवापाशी असताना भांडं हातातून सुटल्यासारखं करून मोरीत ओतलं, त्यावर उकळतं पाणी घातलं.

उज्ज्वलाताई धावत आल्या. मोरीकडे बघत उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सांडलं, आई. हात ओला होता. चुकलं माझं."

"तुझं नाही गं चुकलं," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. "माझंच चुकलं. संक्रांतीला दिवे लागल्यावर मी विरजण दिलं. नाही म्हणवेना. तेव्हापासून घरातली अन्नपूर्णा रुसलीय. लेकीच्या तोंडची चव गेली, आता विरजणही गेलं. माझ्या कर्माची फळं माझी पोरगी भोगतेय." आणि पदर तोंडाला लावून त्या रडायला लागल्या.

मैथिलीच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, आई, तुमचं काही चुकलेलं नाही. पण मग खरं सांगावं लागलं असतं. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि गप्प बसली. दिवे लागल्यावर विरजण कुणाला दिलं, हेही तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवायला घरी आली तर ओवी पाटावर बसून दहीभात खात होती. पांढरंशुभ्र, सुरीनं कापावं असं दही.

"हे कुठून आलं?" मैथिलीनं विचारलं.

"नदाफवहिनींनी आणून दिलं," उज्ज्वलाताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा कालपेक्षा कितीतरी उजळला होता. "आपलंच आहे. मी भाद्रपदात दिलं होतं त्यांना, मध्ये त्यांचं आंबट झालं म्हणून महिन्यापूर्वी परत घेऊन गेल्या. विरजण असं मरत नसतं, मैथिली. दिलेलं असलं की परत येतं. आणि बघ, पोरीला तेवढंच जातंय."

पट्टा म्हणाला, "बाळाची वाढ अपेक्षेपेक्षा कमी आहे."

मैथिलीच्या डोळ्यांपुढं कॉलनीतल्या सगळ्या वाट्या उभ्या राहिल्या. या घरचं भांडं ती रोज ओतेल, आणि रोज कुठल्या ना कुठल्या दारातून ते प्रेमानं परत येईल. एकट्यानं गुपचूप करण्यासारखं हे कामच नव्हतं.

दोन दिवसांनी ओवीचं डोहाळजेवण होतं. ओवीच पुढं ढकलू या म्हणाली, पण उज्ज्वलाताई ऐकेनात. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळ्याला झेंडूच्या माळा. त्या सगळ्या थाटात ओवीचा चेहरा एवढासा झाला होता. कॉलनीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या. दोन वाट्या उपड्या घालून ओवीपुढं ठेवल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. ओवीनं वाटी उचलली. बर्फी!

"मुलगी गं मुलगी!" बायकांनी गलका केला. "खा आता, खा!"

ओवीनं बर्फीचा तुकडा तोंडात घातला. चावत राहिली, चावत राहिली. मग तिचे डोळे भरून आले. "आई, मला गिळवत नाहीये गं," ती म्हणाली. "माझं बाळ उपाशी आहे आणि मला गिळवत नाहीये."

गलका बंद झाला. कुणीतरी म्हणालं, दृष्ट काढा. मीठ-मोहऱ्या आणायला एक जण उठलीसुद्धा.

"दृष्ट नाही ही," मैथिली म्हणाली. तिनं दाराची चौकट धरली. "हे मी केलंय. आपल्या घरच्या दह्यात माझ्या कंपनीचा गुण उतरलाय. भूक मारणारा. ओवीची भूक त्यानंच गेली, आणि तुमचीही. या घरातून ज्यांनी ज्यांनी विरजण नेलं, त्या सगळ्यांच्या घरात ते आहे. मला तीन दिवसांपूर्वी कळलं. मी घाबरून गप्प बसले."

सगळ्या कार्यक्रमावर विरजण पडलं म्हणतात ना, तसं झालं.

"म्हणजे माझी साखर उतरली ती..." पाटणकर काकू म्हणाल्या. "मग वाईट काय आहे त्यात? मी नाही बाई टाकणार माझं दही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या बंद करा."

नदाफवहिनी उठल्या. "काकू, माझी नात महिनाभर डबा तसाच परत आणतेय. मी तिला मारलं गं परवा, जेवत नाही म्हणून." एवढं बोलून त्या चपला न घालताच घराकडे गेल्या, आणि दह्याचं भांडं घेऊन परत आल्या.

उज्ज्वलाताई झोपाळ्याची साखळी धरून उभ्या होत्या. "माझ्या हातचं दही माझ्या लेकीला उपाशी मारतंय, असं म्हणतेस तू?" त्यांनी विचारलं. "माझ्या आईचं विरजण?"

"तुमच्या आईचं ते राहिलं नाही, आई. मी ते बाटवलं."

उज्ज्वलाताईंनी आत जाऊन सगळ्यात मोठं पातेलं गॅसवर ठेवलं आणि पाणी उकळायला लावलं. एकेक बाई भांडं घेऊन आली. पाटणकर काकू सगळ्यात शेवटी आल्या, नाक मुरडत का होईना, पण आल्या. दही पाण्यात पडलं की फाटून वर येई. मैथिलीनं पुन्हा पुन्हा विचारलं, "बाहेरगावी कुणी दिलंय का? नीट आठवा. कुणीच नाही?" सगळ्यांनी माना हलवल्या. उज्ज्वलाताई पातेल्यात बघत डाव फिरवत राहिल्या. वाट्या घासून-पुसून त्यांनी ज्यांच्या त्यांना परत दिल्या, सगळ्या रिकाम्या.

पाचव्या दिवशी सकाळी ओवी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "वहिनी, शिळी भाकरी आहे का गं?" मैथिलीनं तिला मिठी मारली आणि ढसाढसा रडली. ओवीनं भाकरी आणि लसणीची चटणी उभ्या उभ्या खाल्ली, आणि आणखी मागितली. पट्ट्यावरची रेघ रांगत रांगत चढायला लागली. चैत्रात मुलगी झाली, वजनानं कमी, पण रडायला खणखणीत. आठवडाभर तिला काचेच्या पेटीत ठेवलं, मग घरी आणलं. सगळे तिला चिमी म्हणू लागले.

मैथिलीनं सरकारी अन्न तपासणीवाल्यांना सगळं लेखी कळवलं. 'तृप्ता' बाजारातून उठलं, तिची नोकरी गेली. त्याचं तिला फार वाटलं नाही. वाटलं ते सासूबाईंचं. उज्ज्वलाताई तिच्याशी कामापुरतं बोलत, आणि दूध तापवलं की कोमट होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसत. पुन्हा त्यांनी दही लावलं नाही. मल्हारनं यंत्रातलं आणून दिलं तर हात लावला नाही.

दिवाळीनंतर चिमीचं उष्टावण ठरलं. बाळानं पहिला घास मामाच्या मांडीवर बसून खायचा, म्हणून ओवी तिला घेऊन पुण्याहून आली. मल्हार पाटावर बसला, चिमी त्याच्या मांडीवर, समोर चांदीच्या वाटीत खीर. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

"अगं बाई, अक्का!" ओवी ओरडली. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे अक्का बारशाला आली नव्हती. संक्रांतीनंतर तिला आज सगळे पहिल्यांदाच बघत होते. ती आत आली, आणि ओवीच्या तोंडचं हसू तसंच राहिलं. दार भरून टाकणाऱ्या बाईचा नुसता सांगाडा उरला होता. ब्लाऊज खांद्यावरून ओघळत होता. हातात मात्र कडीचा डबा घट्ट धरलेला.

"बघताय काय असं? बारीक झाले म्हणून डॉक्टर खूश आहेत माझ्यावर," अक्का हसली. "उज्जे, तुझं विरजण गेलं असं ऐकलं आणि जीव नुसता तळमळला बघ. आणलंय मी. आईचंच. संक्रांतीला तूच नव्हतं का दिलंस बसला निघताना? मी एक दिवस खंड पडू दिला नाही." तिनं डबा उघडला. पांढरंशुभ्र, घट्ट दही. "पोरीचा पहिला घास आजीच्या आईच्या विरजणाचा होऊ दे." तिनं करंगळीच्या टोकावर दही घेतलं आणि चिमीच्या ओठांकडे नेलं. चिमीनं तोंड उघडलं.

मैथिली ओरडणार एवढ्यात उज्ज्वलाताईंनी अक्काचं मनगट धरलं. इतकं जोरात, की दही पाटावर उडालं.

"उज्जे?"

"संक्रांतीला ओवी दोन-दोन गूळपोळ्या खात होती," उज्ज्वलाताई बोलत होत्या, पण बघत होत्या मैथिलीकडे. "मला वाटलं, तेव्हा विरजण चांगलं असेल. म्हणून मी तुला सांगितलं नाही. आईचं कुठंतरी राहू दे, असं वाटलं गं मला."

"आई, तेव्हा ओवी नुकतीच आली होती. तिनं आपलं दही अजून खाल्लंच नव्हतं." मैथिली म्हणाली.

उज्ज्वलाताईंनी अक्काचं बोट आपल्या पदरानं पुसलं. मग ताट घेतलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, खीर, भजी, सगळं वाढलं, आणि अक्काला हाताला धरून बसवलं. "अक्का, आधी तू जेव. माझ्यासमोर पोटभर जेव. तू पोटभर जेवलीस, तर पहिला घास तुझ्याच हातचा."

मल्हारनं चिमीला छातीशी धरलं. सगळी माणसं एका ताटाकडे बघत उभी राहिली. अक्कानं पुरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, खाल्ला. दुसरा मोडला. तो बराच वेळ चावला. मग संकोचल्यासारखी हसली आणि ताट हलकेच पुढं सरकवलं.

"झालं गं माझं," ती म्हणाली. "हल्ली दोन घासांत पोट भरतं. माझंच नाही, आमच्या सगळ्या गल्लीचं तसंच झालंय. मी सगळ्यांना विरजण दिलंय ना."